स्वतःचं बटण

हिराबाई : वास तुझाच हाय गं. ह्या घरात सडक्या अंड्याचा वास आणणारी तू एकटीच.

माया : आई, आज रविवार. शुक्रवारी संध्याकाळी मी धारवाडहून आले ती डोक्यावरनं आंघोळ करून बसले. काल केली, आज पण केली. लॅबचे कपडे गच्चीवर वाळत आहेत. मग माझा वास कसा?

हिराबाई : मुरलाय तुझ्यात. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली म्हणालीस न्हवं परवा?

माया : गेली, मला खिडकी मिळाली. विषय बदलू नकोस. वास ह्या फळीवरनं येतोय. मसाल्याच्या डब्यांकडनं.

हिराबाई : मसाल्याला वास येणारच की. खाली उतर बघू स्टुलावरनं. लग्न तोंडावर आलंय तुझ्या भावाचं, प्रशिकचं, आणि तू पाय मोडून घेतलास म्हणजे?

माया : जिरं... धणे... हा हळदीचा. आई, हळदीत ही डबी कशाला पुरून ठेवलीयस?

हिराबाई : ठेव ती तिथं.

माया : हाच वास. अगदी हाच. थांब, लेबल पुसते... एल-ग्लुटाथायोन. आई!

हिराबाई : ओरडू नको, शेजारच्यांना रविवार असतोय. ताकदीच्या गोळ्या हायत त्या.

माया : कुणी दिल्या?

हिराबाई : मीच आणल्या मेडिकलमधनं.

माया : तू मेडिकलमध्ये जाऊन ग्लुटाथायोन मागितलंस? एकदा म्हणून दाखव मला.

हिराबाई : ग्लुटा.

माया : पुढं?

हिराबाई : पुढं काय? रूपा ग्लुटाच म्हणते.

माया : आलं की नाही नाव बाहेर! रूपाक्का! मला वाटलंच. पार्लरमध्ये नवऱ्या मुलींना गोऱ्या करायला देते त्या गोळ्या. आणि तुला? कॅन्सरच्या बाईला?

हिराबाई : त्या आजाराचं नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय घरात. आणि रूपाला एक शब्द बोलायचा नाहीस. माझ्या थोरल्या बहिणीची पोर, मला आईगत बघते. येईलच आता ब्लाउजचं कापड घेऊन.

माया : येऊ दे. कधीपासनं घेतेस?

हिराबाई : रेडिएशन सुरू झालं तवापासनं नाही. काळं पडायला लागलं तवापासनं.

माया : म्हणजे निम्म्याहून जास्त रेडिएशन ह्या गोळ्यांवरच झालं.

हिराबाई : तुला मोजायची सवयच लागलीय.

रूपा : दार सताड उघडं टाकून काय चाललंय दोघींचं? कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत आवाज येतोय. मावशी, हे घ्या कापड, आणि अस्तर पण आणलंय. अय्यो, ही का अशी बघतीय माझ्याकडं?

माया : रूपाक्का, ही डबी ओळखतेस?

रूपा : ओळखते म्हणजे? माझ्याच पार्लरची. बेंगळुरूचा माल, एक नंबर. मावशी, तुम्ही हळदीत ठेवलीत का हो? मी थंड जागेत ठेवा म्हणाले होते.

हिराबाई : फ्रीजमध्ये ठेवली असती तर हिला पहिल्याच दिवशी दिसली असती.

माया : आईला रेडिएशन चालू आहे हे ठाऊक असताना दिलीस?

रूपा : म्हणून तर दिली! तू धारवाडला हॉस्टेलवर असतेस, तुला काय दिसतंय? पदर बाजूला करा हो मावशी. बघ. छातीपासनं गळ्याच्या हाडापर्यंत, वर मानेवर चढलंय काळं. तव्यागत झालीय कातडी. आणि लग्नात काय नेसायचं? पांढरी साडी. आपल्यात सगळ्या पांढऱ्यातच उभ्या राहणार, बुद्धाच्या मूर्तीपुढं, बेळगावच्या पाव्हण्यांसमोर. त्या पांढऱ्यावर हे किती उठून दिसणार, विचार केलास?

माया : मी नाही केला.

रूपा : मी केला. कलघटगीची एक मुलगी होती माझ्याकडं ब्राइडल पॅकेजला, शेतात राबून राबून रापलेली. दोन महिने ग्लुटा दिलं, लग्नाच्या फोटोत ओळखू येईना. आणि दहा-बारा जणी घेतात, कुणाला शिंकसुद्धा आली नाही.

माया : त्यांच्यातल्या कुणाला रेडिएशन चालू आहे?

रूपा : सुम्ने, उगाच काहीतरी विचारू नकोस.

माया : सुम्ने नाही विचारत. बस इथं. आई, तू पण बस. शिलाई मशीन बंद कर ते.

हिराबाई : गणवेशाची कॉलर राहिलीय एवढी. शाळा उघडायच्या आत द्यायचेत.

माया : राहू दे कॉलर. ऐका. ऑपरेशनमध्ये आईची गाठ काढली. पण एखादी पेशी कुठं दडून राहिली असेल तर ती मरायला पाहिजे, म्हणून हे किरण देतात. आता किरण थेट जाऊन त्या पेशीला जाळतात असं सगळ्यांना वाटतं. तसं थोडंच होतं. आपल्या अंगात सगळ्यात जास्त काय आहे? पाणी. किरण आधी पाण्यालाच लागतात, आणि पाण्याचा कण तुटतो.

रूपा : पाणी तुटतं?

माया : तुटतं. आणि जो तुकडा राहतो ना, तो अर्धा असतो. त्याला एक बटण कमी असतं असं समज. तो गप्प बसत नाही. जो जवळ दिसेल त्याच्या अंगावरचं बटण ओढून घेतो आणि परत पाणी होऊन मोकळा. पेशीच्या आत तिचा मुख्य धागा असतो, डीएनए. त्याचं बटण ओढलं गेलं की धागा तिथं कच्चा पडतो. अशा पुष्कळ जागा कच्च्या पडल्या की पेशी मरते. रेडिएशनचं मोठं काम असं पाण्यातनं होतं.

रूपा : मग गोळीचा काय संबंध?

माया : ग्लुटाथायोनमध्ये गंधक असतं. त्या गंधकाला...

हिराबाई : त्या गंधकाला एक बटण सैल लावलेलं असतंय. कुणाचं तुटलेलं दिसलं की ते स्वतःचं बटण काढून त्याला देतंय. आणि दोन बिनबटणाचे भेटले की एकमेकाला धरून उभे राहतात.

रूपा : मावशी! तुम्हाला कसं ठाऊक?

हिराबाई : हिनंच सांगितलंय.

माया : मी? मी कधी सांगितलं?

हिराबाई : बेळगावचे पाव्हणे प्रशिकला बघायला आले होते तवा. मुलीच्या वडिलांनी विचारलं, तुमची मुलगी कशात पीएचडी करते. मी म्हटलं, मला सांगता येत नाही, तिलाच विचारा. मग तू ह्याच पाटावर बसून सांगितलंस. माझ्या मशीनवरचा शर्ट उचललास, बटण दाखवलंस. म्हणालीस, ह्या गंधकवाल्यांवर माझं काम आहे, ते रेडिएशनपासून पेशी वाचवतात.

माया : ...म्हणाले होते.

हिराबाई : सगळे गप्प ऐकत होते बघ. मुलीची आजी म्हणाली, किती दिलदार औषध. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. आयुष्यभर मी लोकांची बटणं लावली, आणि माझ्या पोरीनं त्यातनं शास्त्र सांगितलं. मग पुढं मला रेडिएशन लागलं, काळं पडायला लागलं, आणि रूपा म्हणाली ग्लुटा घ्या. मी डबीवरचं सगळं नाव वाचून घेतलं रूपाकडनं. तोंडात बसलं नाही, पण तू सांगितलेलं तेच नाव. म्हटलं, हे तर आपल्या मायाचं औषध. देवागत धावून आलं.

रूपा : मला म्हणाल्या नाहीत तुम्ही हे.

हिराबाई : तुला कशाला? तू गोरं करायला देत होतीस, मी जीव वाचायला घेत होते.

माया : आई, मला का नाही विचारलंस? एक फोन करायचा होतास.

हिराबाई : विचारायचं काय त्यात? तूच सांगितलेलं. आणि तुला सांगितलं असतं तर तू रूपाशी भांडली असतीस. भांडायलीसच की आता.

माया : अय्यो आई... अगं, मी अर्धंच सांगितलं होतं. पुढचं सांगणार होते. तेवढ्यात चहा आला, सगळे कपबश्या घ्यायला लागले, मुलीच्या काकांनी मिरचीभजी कुठली म्हणून विचारलं आणि ते तसंच राहिलं.

हिराबाई : पुढचं काय होतं?

माया : ग्लुटाथायोन शर्ट कुणाचा ते बघत नाही. चांगल्या पेशीचा असो नाहीतर त्या... त्या आजाराच्या पेशीचा. ज्याचं बटण तुटलेलं दिसेल त्याला देतं. तुझ्या कातडीला वाचवेल, तसं त्या दडून बसलेल्या पेशीला पण वाचवेल. जिला मारायला तू रोज उठून जातेस तिला.

रूपा : देवा.

हिराबाई : त्याला पण?

माया : त्याला पण. ते दिलदार बिलदार काही नाही. त्याला डोळे नाहीत.

रूपा : मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं हो. डबीवर कुठं लिहिलंय? माया, मी पुस्तकं नाही शिकले तुझ्यासारखी, पण मावशीचं वाईट करायला...

माया : तुझ्यावर ओरडले मघाशी. चुकले. तू न शिकता केलंस. मी शिकून केलंय.

हिराबाई : रडू नको. कॉलरवर पडतंय पाणी, डाग पडेल. लोकाचं कापड हाय.

माया : नाही रडत.

हिराबाई : मग हे काय? बघ हिकडं. मला सरळ सांग, फुकट गेलं का सगळं? एवढ्या दिवसांचं, ते शाईच्या रेघा ओढून घेणं, ते हात वर करून गार टेबलावर पडून राहणं?

माया : तसं नाही म्हणता येत. ग्लुटाथायोन तुझ्या शरीरात असतंच, गोळी न घेता पण. प्रत्येक पेशी स्वतःचं बनवते. डॉक्टर ते धरूनच डोस देतात. शिवाय तोंडानं घेतलेली गोळी बरीचशी पोटातच मोडते. पेशीपर्यंत किती पोचते, पोचते का, त्याबद्दल शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. माझ्या लॅबमध्ये कसं, काचेची नळी, शुद्ध पाणी, त्यात मोजून घातलेलं ग्लुटाथायोन. तिथं सगळं दिसतं. तू काचेची नळी नाहीस.

हिराबाई : म्हणजे तुला माहीत नाही.

माया : नाही.

हिराबाई : आणखी काय राहिलंय चहाच्या पायी? सगळं सांग आता.

माया : हवा राहिली. तुटलेल्या जागेवर दोघं धावत असतात, एकीकडनं हे गंधकवालं बटण घेऊन आणि दुसरीकडनं हवेतला ऑक्सिजन. ऑक्सिजन आधी पोचला तर तो काजातच घट्ट बसतो, मग बटण लावता येत नाही. पेशी दुरुस्त होत नाही. डॉक्टरांना तेच पाहिजे असतं. ज्याच्याकडं माणसं जास्त तो जिंकतो. गोळ्यांनी आपण एका बाजूची माणसं वाढवली असतील, एवढंच म्हणता येतं.

रूपा : माया, एक विचारू? गोळी डुप्लिकेट असली तर?

माया : तर सोन्याहून पिवळं!

रूपा : काय?

माया : अगं नुसता खडू आणि साखर असली तर काहीच बिघडलं नाही! आम्ही एक रसायन घालतो, गंधकाचं ते बटण शाबूत असलं की पाणी पिवळं होतं. रेडिएशन देत गेलं की पिवळा फिका पडत जातो, त्यावरनं मी मोजते. उद्या एक गोळी नेते, विरघळवते. पिवळं झालं नाही तर तुला पेढे देते मी.

रूपा : पण माझ्याकडं डुप्लिकेट माल नसतो! बिल आहे माझ्याकडं. सगळ्या उणकल भागात माझं नाव आहे.

माया : रूपाक्का, आजच्या दिवस असू दे की डुप्लिकेट.

रूपा : ...असू दे बाई. असू दे. पहिल्यांदाच मागायलेय मी असं. पण वास तर येतोय न्हवं?

माया : येतोय. म्हणून तर मला डबी सापडली.

हिराबाई : म्हणजे माल खराच हाय. उगाच एकमेकीला फसवू नका. रूपाची वस्तू खोटी कधी नसते.

माया : आई, रेडिएशनच्या मेधा डॉक्टरांचा नंबर आहे ना? फाइलवर लिहून दिलाय त्यांनी, काही झालं तर सुट्टीला पण फोन करा म्हणून.

हिराबाई : काही झालेलं नाही मला.

माया : त्यांना सांगायला पाहिजे.

हिराबाई : आजपासनं गोळी बंद. संपलं. सांगायचं काय त्यात?

माया : उद्या सकाळी तुझी रेडिएशनची पाळी आहे. त्याच्या आधी त्यांना कळलं पाहिजे, काय घेतलंस, कधीपासनं घेतलंस. त्या ठरवतील पुढं काय करायचं ते. मी ठरवायचं नाही, तू ठरवायचं नाही.

हिराबाई : आणि त्या म्हणाल्या, थांबवा रेडिएशन, पुन्हा पहिल्यापासनं? लग्नाची तारीख काय करायची? विहार ठरलाय, बेळगावच्यांनी गाडी ठरवलीय.

रूपा : लग्न पुढं ढकलता येतंय मावशी. मी बोलते पाव्हण्यांशी.

हिराबाई : तू गप्प बस. नाही करायचा फोन. मला लाज वाटते.

माया : आई, ह्यात लाज कसली? तुझा जीव आहे. मला भीती वाटतीय गं. मी काल रात्री जेवताना तुला विचारलं, सगळं बरं चाललंय ना, तू हो म्हणालीस, आणि मी निवांत झोपले. आता मला आत्ताच्या आत्ता त्यांना सांगायचंय.

हिराबाई : तुला कळत नाही.

माया : मग कळव.

हिराबाई : पहिल्या दिवशी मी तिथं सगळ्यांना सांगून ठेवलंय. मेधा डॉक्टरांना, त्या मशीनवरच्या पोरांना, व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या बाईला पण. माझी मुलगी धारवाडला रेडिएशनमध्येच पीएचडी करते म्हणून. डॉक्टर हसल्या, म्हणाल्या, मग आम्हाला जपून काम करायला पाहिजे. आता त्यांना काय सांगू? मुलीचं ऐकून गोळ्या खाल्ल्या? त्या विचारणार, कुणी सांगितलं? माझ्या तोंडानं तुझं नाव घेऊ? त्या फाइलला लिहिणार. मोठी माणसं एकमेकाला ओळखतात, तुझ्या सरांच्या कानावर जाणार. आपल्या घरात पहिली पोर एवढी शिकलेली, आणि आईच्या फाइलला तिचं असं नाव लागणार. मी नाही करत फोन. काय व्हायचं ते होऊ दे माझं.

रूपा : मावशी...

माया : लपवलंस ते रूपाक्कासाठी नाही. माझ्यासाठी?

हिराबाई : आधी लपवलं ते तू भांडू नयेस म्हणून. आता नाही सांगत ते तुझ्यासाठी. ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत.

माया : आई, मला नाव नको तसलं. तुझ्या जीवावर मिळवलेलं नाव घेऊन मी काय करू? मी करते फोन.

हिराबाई : थांब. दे हिकडं. आजार माझा हाय, मीच बोलणार. तू मध्ये बोलायचं नाहीस. कबूल?

माया : बोल आधी.

(हिराबाई फोनवर कानडीत बोलते आहे; पलीकडचा आवाज खोलीत ऐकू येत नाही.)

हिराबाई : नमस्कार डॉक्टर, हिराबाई बोलते, गोकुळ रोडची... हो हो, ब्लाउज शिवणारी. नाही, ताप नाही. दुखत पण नाही. सुट्टीला त्रास दिला... डॉक्टर, मी एक गोळी खात होते. ग्लुटा म्हणतात, गोरं व्हायची. काळं पडलं म्हणून... रोज एक. दुसऱ्या आठवड्यापासनं... हो. नाही सांगितलं तुम्हाला. चुकलं. कुणी नाही हो डॉक्टर, कुणी सांगितलं नाही. आमच्या मुलीला तर ठाऊकच नव्हतं. मीच, अडाणी बाई, कुठंतरी टीव्हीवर बघितलं आणि आपल्या मनानं...

माया : आई, फोन दे.

हिराबाई : ...आपल्या मनानंच घेतलं. तिचा काही...

माया : दे इकडं. डॉक्टर, नमस्कार. मी माया. त्यांची मुलगी... हो, तीच, विद्यापीठातली. आई खोटं बोलतेय. टीव्हीवर नाही बघितलं तिनं, माझ्याकडनं ऐकलं. ग्लुटाथायोन रेडिएशनपासून पेशी वाचवतं असं मी घरात पाव्हण्यांसमोर सांगितलं होतं. तेवढंच सांगितलं होतं. गाठीच्या पेशींचं नाही सांगितलं... हो. माझ्या नावानं लिहा तुम्ही... हो, डबी आहे माझ्या हातात. पाचशे मिलिग्रॅम. बरं... बरं. अजून एक, डॉक्टर, मला विचारायचंय, ह्यानं किती... हो. हो, मला पण तेच वाटलं होतं. कळलं. थँक्यू.

रूपा : काय म्हणाल्या?

माया : गोळ्या आजपासनं बंद. उद्या वेळेवर या, पाळी चुकवायची नाही. डबी बरोबर आणा. आणि इथून पुढं हळदीचं दूधसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

हिराबाई : रागावल्या?

माया : नाही. म्हणाल्या, बरं झालं मधेच सांगितलंत. पुष्कळ लोक शेवटपर्यंत सांगत नाहीत.

हिराबाई : बिघडलं किती?

माया : कदाचित काहीच नाही, म्हणाल्या. कदाचित थोडं. मोजता येत नाही.

हिराबाई : तुझ्या पिवळ्यानं पण नाही?

माया : पिवळ्यानं गोळीतलं मोजता येतं. तुझ्यातलं नाही.

हिराबाई : लिहिलं तुझं नाव?

माया : लिहिते म्हणाल्या.

हिराबाई : कशाला मध्ये पडलीस? चांगलं जमवत आणलं होतं मी.

माया : टीव्ही बिघडून सहा महिने झालेत आपला.

रूपा : हौदु की! खरंच की! मावशी, तुम्हाला खोटं पण धड बोलता येत नाही.

हिराबाई : हसा. दोघी मिळून हसा. रूपा, तू ते दुकानातनं काढून टाकणार का?

रूपा : काढत नाही मावशी, पोट हाय त्याच्यावर. पण आता प्रत्येकीला विचारणार, कुठली ट्रीटमेंट चालू आहे का म्हणून. आणि हो म्हणाली तर हात जोडणार. कन्नडमध्ये बोर्ड पण लावते. माया, तू लिहून दे काय लिहायचं ते.

माया : देते. छोटं लिहिते.

रूपा : पण मावशी, साडीचं काय? बंद गळ्याचं शिवू या का ब्लाउज? वर कानापर्यंत कॉलर. आजकाल फॅशन आहे.

हिराबाई : कातडी सोललीय सगळी, कॉलर टोचून मरून जाईन. नेहमीचाच गळा. कापड दे हिकडं, मीच कापते.

रूपा : मग मी मेकअपनं झाकते. अर्ध्या तासाचं काम.

माया : मेकअप नको त्या जागेवर. डॉक्टरांचं मलम सोडून काही नको.

रूपा : अरे मग दिसणार की काळं! बेळगावच्या बायका काय कमी आहेत? पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, विहीणबाई, मानेला काय झालं म्हणून.

हिराबाई : विचारू दे. त्यांना काय सांगायचं, ती बसलीय न्हवं इथं.

माया : मी नाही. मी आता कुणाला काही सांगत नाही, आई. पुन्हा तोंड उघडणार नाही त्या विषयावर.

हिराबाई : असं कसं? सांगायचं. अर्धवट ऐकून मोठ्या तोंडानं सांगणाऱ्यांपेक्षा तू सांगितलेलं बरं. त्यांच्यात पण कुणाला तरी काहीतरी झालेलं असणार, कुणाच्या तरी डब्यात ही गोळी असणार.

माया : आणि परत अर्धवट राहिलं तर?

हिराबाई : नाही राहत. चहा मी थांबवून धरते आत. ते कुणाकुणाच्या शर्टाला बटण लावतंय, तेवढं पुरतं सांगून झालं की हाक मार.